भारतातील इमारत सेवा अभियांत्रिकी आणि ऊर्जा कार्यक्षमता

इमारत सेवा अभियांत्रिकी ही इमारतीतील वातानुकूलन, वायुवीजन, प्रकाशयोजना, वीजवितरण, पाणीपुरवठा, सांडपाणी, अग्निशमन आणि उद्वाहने यांची आखणी, उभारणी व देखभाल करणारी अभियांत्रिकीची शाखा होय. वास्तुविशारद इमारतीला आकार देतो, संरचना अभियंता तिला उभी ठेवतो आणि सेवा अभियंता ती राहण्याजोगी व काम करण्याजोगी करतो. बांधकाम पूर्ण झाल्यावर इमारतीच्या आयुष्यभर जी वीज व जे इंधन खर्च होते, त्याचा मोठा वाटा या सेवांचा असतो. त्यामुळे इमारतींचे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा विचार प्रामुख्याने याच शाखेत केला जातो.

युरोपातील थंड प्रदेशांत हा प्रश्न मुख्यतः घरे उबदार ठेवण्याचा आहे. भारतात तो घरे व कार्यालये थंड ठेवण्याचा आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भारत शीतलीकरण कृती आराखड्या'नुसार त्या वेळी देशातील सुमारे ८ टक्के घरांतच वातानुकूलन यंत्र होते. २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची एकूण शीतलीकरणाची मागणी सुमारे ८ पट आणि इमारतींमधील मागणी सुमारे ११ पट होईल, असा अंदाज या आराखड्यात वर्तवण्यात आला. वाढत्या उन्हाळ्यात ही मागणी चैनीची राहिलेली नाही. रुग्णालये, शाळा आणि पत्र्याच्या छपराखालील घरे यांच्यासाठी तो आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून मागणी रोखण्याऐवजी तीच सोय कमी विजेत कशी पुरवता येईल, हा या विषयाचा गाभा ठरतो.

उत्सर्जनाचे मार्ग

इमारतीच्या सेवांमुळे हरितगृह वायू मुख्यतः तीन मार्गांनी वातावरणात जातात. पहिला मार्ग विजेचा. भारतीय वीजजाळ्यातील वीज अजूनही बव्हंशी कोळशावर निर्माण होते आणि सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दुसरा मार्ग इमारतीतच जळणाऱ्या इंधनाचा आहे. त्यात स्वयंपाकाचा वायू, पाणी तापवण्याचे बॉयलर आणि वीज गेल्यावर चालणारी डिझेल जनित्रे येतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

तिसरा मार्ग डोळ्यांना दिसत नाही आणि वीजदेयकातही उमटत नाही. वातानुकूलन यंत्रांत फिरणारी प्रशीतक द्रव्ये गळतीतून, दुरुस्तीच्या वेळी किंवा यंत्र भंगारात निघाल्यावर हवेत मिसळतात. आर-४१०ए या प्रशीतकाची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरली जाते. हे प्रशीतक १ किलोग्रॅम हवेत सुटले, तर होणारी हानी सुमारे ३,००० युनिट वीज वापरल्याइतकी असते. आधीच्या पिढीतील आर-२२ची क्षमता १,८१० पट असून ते ओझोनच्या थरालाही घातक आहे. भारतात आता घरगुती यंत्रांत सर्रास आढळणाऱ्या आर-३२ची क्षमता ६७५ पट आहे. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याची क्षमता जवळपास नगण्य आहे, मात्र ते ज्वलनशील असल्याने यंत्रात किती भरायचे यावर मर्यादा येते आणि जोडणीसाठी प्रशिक्षित कारागीर लागतो. गॅस भरणारा कारागीर नळीतील गळती न शोधता दरवर्षी नवा गॅस भरून देतो, ही शहरोशहरी चालणारी पद्धत या हिशेबात फार महाग पडते.

यांखेरीज डक्ट, तांब्याच्या नळ्या, केबल व यंत्रे यांच्या निर्मितीतही कार्बन खर्ची पडतो. इमारतीचा सांगाडा ६०-७० वर्षे टिकत असला तरी सेवा यंत्रणा साधारण १५ ते २० वर्षांनी बदलावी लागते, त्यामुळे हा खर्च एकाच इमारतीच्या आयुष्यात अनेकदा होतो.

उष्णताभार कमी करणे

वातानुकूलन यंत्रणेचे आकारमान 'टन' या एककात सांगितले जाते. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. आधुनिक मापनात ती ३.५१७ किलोवॉट होते. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातील हे एकक आजही बाजारात टिकून आहे.

इमारतीत शिरणारी उष्णता कमी असेल, तर ती बाहेर काढण्याचे श्रमही कमी. हे तत्त्व साधे असले तरी व्यवहारात बहुधा उलटे घडते. सेवा अभियंत्याला पाचारण केले जाते तेव्हा इमारतीची दिशा आणि दर्शनी भागाची काच आधीच ठरलेली असते. त्यानंतर उरते ते फक्त त्या काचेतून येणाऱ्या उन्हाला पुरून उरेल एवढे मोठे यंत्र निवडणे.

काचेचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. पश्चिमेकडील १० चौरस मीटरच्या खिडकीवर दर चौरस मीटरला ५०० वॉट इतके ऊन पडत असेल आणि काच साधी असेल, तर त्यातील सुमारे ८० टक्के उष्णता, म्हणजे ४ किलोवॉट आत येते. केवळ एका खिडकीसाठी एक टनाहून अधिक क्षमतेचे यंत्र लागते. उष्णतारोधक लेप असलेल्या काचेतून यातील सुमारे सव्वा किलोवॉट उष्णताच आत येते. बाहेरून छज्जा, जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावल्यास ऊन काचेवर पोहोचण्यापूर्वीच अडते. आतून लावलेल्या पडद्याचा उपयोग त्या मानाने मर्यादित असतो, कारण काचेतून एकदा आत आलेली उष्णता बहुतांशी आतच राहते. कोकणातील पडवी व देशावरील वाड्यांची ओसरी यांतही भिंत सावलीत ठेवण्याचे हेच तत्त्व होते.

नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इमारत फेब्रुवारी २०१४ मध्ये वापरात आली. तिची आखणी करताना सर्वप्रथम उष्णताभारावर काम करण्यात आले. परिणामी तेथे सुमारे ४० चौरस मीटरमागे एक टन क्षमता पुरेशी ठरली. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनुसार तेव्हा २० चौरस मीटरमागे एक टन हे प्रमाण धरले जात असे. भार निम्म्यावर आल्यामुळेच छतावरील ९३० किलोवॉट क्षमतेची सौर यंत्रणा वर्षभराच्या गरजेइतकी वीज निर्माण करील, असा हिशेब मांडता आला. भार न घटवता केवळ सौर पट्ट्या बसवल्या असत्या, तर छत अपुरे पडले असते.

उष्णताभाराशी निगडित दुसरा मुद्दा म्हणजे खोलीचे तापमान किती असावे. बारा महिने वातानुकूलित वातावरणात बसणाऱ्या माणसाला जे तापमान लागते, तेच खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत राहणाऱ्यालाही लागते, असे नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय शहरांतील कार्यालयांत पाहणी करून 'अनुकूलनशील सुखदतेचे भारतीय प्रारूप' मांडले. बाहेरच्या ऋतुमानाप्रमाणे माणसाची सुखद तापमानाची अपेक्षाही बदलते, असे त्यातून दिसून आले. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये या विचाराला स्थान मिळाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती वातानुकूलन यंत्रे सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतील, अशा रीतीने बनवणे बंधनकारक करण्यात आले. त्यानंतर तापमान खाली आणण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याकडे राहतेच, पण पुष्कळ जण ते बदलत नाहीत, यावर या नियमाची मदार आहे.

छतावरील पंख्याला या सर्वांत दुय्यम समजणे चुकीचे ठरते. अंगावरून वाहणारी हवा खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी अधिक असतानाही तेवढीच सुखद वाटते. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा तेच काम सुमारे ३० वॉटमध्ये करतो.

उष्णतेची वाहतूक

मोठ्या इमारतीच्या वातानुकूलनात थंडावा तयार करण्याइतकाच तो जागोजागी पोहोचवण्याचा खर्च असतो, हे सर्वसामान्यांना सहसा ठाऊक नसते. तळघरात किंवा गच्चीवर असलेले चिलर पाणी थंड करते. पंप ते पाणी प्रत्येक मजल्यावर पोहोचवतात, तेथे ते हवेला थंड करते आणि पंखे ती हवा डक्टमधून खोल्यांत ढकलतात. खोलीतील उष्णता याच मार्गाने उलट प्रवास करीत कूलिंग टॉवरपर्यंत जाते. पंखे आणि पंप दिवसभर चालू असतात. शिवाय त्यांच्या मोटरींची उष्णता थंड पाण्यात व हवेत मिसळते आणि ती काढण्यासाठी चिलरला पुन्हा काम करावे लागते.

या वाहतुकीबाबत भौतिकशास्त्राचे दोन नियम सेवा अभियंत्याच्या बाजूने आहेत.

पहिला नियम पाण्याच्या उष्णताधारकतेचा. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. एक टन थंडावा पोहोचवण्यासाठी ताशी साधारण पावणेसातशे घनमीटर हवा लागते, तर त्यासाठी पाणी अवघे अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे साडेपाचशे लिटर पुरते. त्यामुळे पाणी शक्य तितके खोलीच्या जवळ नेणे आणि हवेचा प्रवास कमी ठेवणे फायद्याचे असते.

दुसरा नियम घनाचा. पंखा किंवा पंप यांतून जाणारा प्रवाह त्यांच्या वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते, तर वेग निम्म्यावर आणला की ती आठव्या हिश्श्यावर येते. यासाठी मोटरला वेगनियंत्रक जोडला जातो. जुन्या पद्धतीत पंप पूर्ण वेगाने चालू ठेवून पुढची झडप अर्धवट बंद केली जात असे. ही पद्धत म्हणजे गाडीचा वेग वाढवून त्याच वेळी ब्रेक दाबण्यासारखी आहे. नळ्या थोड्या मोठ्या व्यासाच्या घेतल्या आणि वळणे कमी ठेवली, तर मुळातच कमी दाबाचा पंप पुरतो. समान प्रवाहासाठी नळीतील घर्षणरोध व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने घटतो, म्हणून व्यासातील लहान वाढही मोठा फरक पाडते.

हैदराबादजवळील पोचारम येथे इन्फोसिसच्या एका कार्यालयीन इमारतीत या तत्त्वांची प्रत्यक्ष तुलना करण्यात आली. इमारतीचे दोन सारखे भाग पाडण्यात आले. एका भागात उत्तम प्रतीची पारंपरिक यंत्रणा बसवण्यात आली, जिच्यात गरजेनुसार हवेचा प्रवाह कमी-जास्त होतो. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी फिरवण्यात आले. थंड झालेले छत खोलीतील माणसे व वस्तू यांची उष्णता प्रारणाने शोषून घेते. हवा फक्त श्वसनापुरती व आर्द्रता कमी करण्यापुरती पुरवावी लागते. भिंती, काच, प्रकाशयोजना आणि वापराचे तास दोन्हीकडे सारखे होते. दोन वर्षांच्या मोजणीत प्रारणाधारित भागाच्या वातानुकूलनाला सुमारे एक तृतीयांश कमी वीज लागल्याचे दिसले. ही बचत ज्या यंत्रणेशी तुलना करून आली, ती स्वतःच काटेकोरपणे आखलेली होती, ही यातील महत्त्वाची बाब.

या बचतीचे एक कारण पंख्यांचे कमी झालेले काम. दुसरे कारण पाण्याच्या तापमानात आहे. हवेतील बाष्प काढण्यासाठी पारंपरिक चिलर पाणी ६-७ अंशांपर्यंत थंड करते. छतात फिरणारे पाणी सुमारे १५ अंशांचे असले तरी चालते. पाणी एका अंशाने कमी थंड करावे लागले, की चिलरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटते.

उलट, वाहतुकीतील दोष सगळी बचत गिळून टाकू शकतो. चिलरमधून ७ अंशांवर निघालेले पाणी उष्णता घेऊन १२ अंशांवर परतावे, अशी आखणी असते. मजल्यांवरील झडपा बिघडलेल्या असल्या किंवा कॉइलवर धूळ साचली असली, तर पाणी पुरेशी उष्णता न घेताच १० अंशांवर परत येते. तापमानातील फरक ५ अंशांवरून ३ अंशांवर आला की तेवढ्याच थंडाव्यासाठी सुमारे पावणेदोन पट पाणी फिरवावे लागते. त्याच नळ्यांतून ते फिरवायचे, तर घनाच्या नियमाने पंपाची शक्ती साडेचार पटींहून अधिक होते. प्रत्यक्षात चालक एक जादा पंप आणि त्याच्या जोडीने एक जादा चिलर सुरू करतो. तक्रार येत नाही, खोल्या थंड राहतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

कोरडी हवा आणि दमट हवा

एकच उपाय देशभर लागू पडत नाही. नागपूरला मे महिन्यात तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा तत्त्वतः २२-२३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. या मर्यादेला वेट बल्ब तापमान म्हणतात. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या लावलेला चांगला कूलर प्रत्यक्षात २७ अंशांच्या आसपासची हवा देतो आणि त्यासाठी सुमारे २०० वॉट वीज घेतो. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला याच्या कित्येक पट वीज लागते. विदर्भ-खानदेशात घरोघरी आढळणारा कूलर हे या अर्थाने ऊर्जा कार्यक्षम साधन आहे. मुंबईत ३३ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असताना मात्र वेट बल्ब तापमानच सुमारे २८ अंश असते. तेथे कूलरमधून जेमतेम थंड आणि अधिकच दमट हवा मिळते.

प्रारणाधारित छतालाही किनारपट्टीवर सावधगिरीने वापरावे लागते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. त्याहून थंड पृष्ठभागाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी सुटते. म्हणून अशा इमारतीत बाहेरची हवा वेगळ्या यंत्रणेने आधी कोरडी करावी लागते, दवबिंदूवर सतत लक्ष ठेवावे लागते आणि खिडक्या बंद ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. दमट प्रदेशात बाहेर जाणाऱ्या थंड, कोरड्या हवेतील थंडावा व कोरडेपणा आत येणाऱ्या हवेला देणारे ऊर्जा पुनर्प्राप्ती चक्रही उपयुक्त ठरते.

ऊर्जा आणि पाणी यांच्यातही ओढाताण असते. पाण्याने थंड होणारे उत्तम चिलर पूर्ण भारावर एका टनामागे सुमारे ०.६ किलोवॉट वीज घेते, तर हवेने थंड होणाऱ्या चिलरला जवळपास दुप्पट वीज लागते. मात्र पहिल्या प्रकारात कूलिंग टॉवरमधून एका टनामागे ताशी सुमारे ६ लिटर पाण्याची वाफ होते. टॉवरमध्ये साचणारे क्षार काढण्यासाठी सोडावे लागणारे पाणी वेगळेच. सरासरी ३०० टन भारावर दिवसाचे ८ तास चालणाऱ्या यंत्रणेत १४,००० लिटरहून अधिक पाणी केवळ वाफेने जाते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या मराठवाड्यातील शहरांत हा आकडा विजेच्या बचतीइतकाच विचारात घ्यावा लागतो. प्रक्रिया केलेले सांडपाणी टॉवरसाठी वापरणे हा त्यावरील रूढ उपाय आहे.

इतर सेवा

प्रकाशयोजनेत बदल सर्वांत वेगाने झाला. जुना तापदीप दिवा एका वॉटमागे १० ते १५ ल्यूमेन प्रकाश देत असे, तर एलईडी दिवा १०० ल्यूमेनच्या आसपास किंवा अधिक देतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले आणि घाऊक खरेदीमुळे त्यांची किंमत झपाट्याने उतरली. वातानुकूलित खोलीत या बदलाचा लाभ दुहेरी असतो, कारण दिव्याची उष्णता कमी झाली की ती काढण्याची वीजही वाचते.

पाण्याच्या बाबतीत, १,००० लिटर पाणी ५० मीटर उंचीवर चढवण्यासाठी साधारण ०.३ युनिट वीज लागते. आकडा लहान वाटला, तरी उंच इमारतीत तो रोजचा व सर्व सदनिकांचा असतो. गरम पाण्यासाठी सौर उष्णजल संयंत्रे अनेक वर्षांपासून वापरात आहेत. छतावर जागा नसल्यास उष्णता पंप हा पर्याय असून तो गिझरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत तेवढेच पाणी तापवतो. उद्वाहनांत ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पुन्हा विजेत रूपांतरित करणारी यंत्रणा बसवता येते.

कायदे, संहिता आणि मानांकन

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आणली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ही संहिता आहे. २०१७ च्या आवृत्तीत अनुपालनाचे तीन स्तर ठरवण्यात आले. पहिल्या स्तरावर सुमारे २५ टक्के, दुसऱ्यावर ३५ टक्के आणि सर्वोच्च स्तरावर ५० टक्के ऊर्जा बचत अपेक्षित आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आली. तिच्या पहिल्या भागात भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालण्यात आली. २०२२ च्या दुरुस्ती अधिनियमाने मोठ्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आणि संहितेला शाश्वततेची जोड दिली.

संहिता केंद्राने तयार केली, तरी इमारत बांधण्याची परवानगी महानगरपालिका किंवा नगरपालिका देते. राज्याने संहिता अधिसूचित करून ती स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीत उतरवल्याशिवाय तिला प्रत्यक्षात धार येत नाही. त्यासाठी नकाशे तपासणाऱ्या अभियंत्यांना उष्णताभाराची गणिते समजावी लागतात. भारतीय संहितांच्या अंमलबजावणीतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

प्रशीतकांबाबत आंतरराष्ट्रीय बंधने आहेत. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बन प्रशीतकांचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे.

ऐच्छिक मानांकनांत 'गृह' ही टेरी संस्थेने नवीन व अक्षय ऊर्जा मंत्रालयासह विकसित केलेली पद्धती आणि 'लीड' ही अमेरिकी पद्धती विशेष प्रचलित आहेत. हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राला २००३ मध्ये लीडचे सर्वोच्च प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर हा दर्जा मिळवणारी ती पहिली इमारत होती. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने गृह मानांकित प्रकल्पांना सवलती देऊ केल्या.

आखणी आणि प्रत्यक्ष वापर

मानांकन बहुधा आखणीच्या कागदांवर मिळते, वीज मात्र चालू इमारतीत जळते. दोन्हींत अनेकदा मोठी तफावत आढळते. इमारतीच्या प्रत्यक्ष कामगिरीचे माप म्हणून दर चौरस मीटरला वर्षभरात लागणारी वीज, म्हणजे ऊर्जा कामगिरी निर्देशांक वापरला जातो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो चालू कार्यालयीन इमारतींना याच निर्देशांकावर तारे देते.

तफावतीची कारणे तांत्रिक कमी आणि व्यवस्थापकीय अधिक असतात. यंत्रणा ताब्यात घेताना तिची कसून चाचणी व समतोलन होणे अपेक्षित असते, पण उद्घाटनाची तारीख जवळ आलेली असल्याने हे काम गुंडाळले जाते. तापमापक चुकीचे आकडे दाखवत असला, तर संगणकीय नियंत्रण प्रणाली चुकीचे निर्णय घेते. कंटाळलेला चालक मग सर्व काही हाताने चालवू लागतो आणि वेगनियंत्रक कायमचे शंभर टक्क्यांवर ठेवतो. आखणीच्या वेळी 'पुढे लागेल' म्हणून प्रत्येकाने थोडी थोडी वाढवलेली क्षमता हेही एक कारण आहे. सल्लागार, ठेकेदार आणि यंत्रविक्रेता यांपैकी कोणालाही यंत्र लहान पडल्याचा ठपका नको असतो. यंत्र मोठे असल्याबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही, आणि परिणामी मोठी चिलर वर्षातील बहुतेक काळ अंशतः भारावर चालतात.

याखेरीज हितसंबंधांचा प्रश्न आहे. भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीत यंत्रणेचा खर्च विकासक करतो, तर वीजदेयक भाडेकरू भरतो. महाग पण कार्यक्षम यंत्र घेण्याचा लाभ खर्च करणाऱ्याला मिळत नाही. घरगुती पातळीवर भाड्याच्या खोलीत जुने, स्वस्त यंत्र बसवणाऱ्या घरमालकाचे गणितही हेच असते. यावर उपाय म्हणून ऊर्जा सेवा कंपन्यांचे प्रारूप वापरले जाते. त्यात कंपनी स्वतःच्या खर्चाने जुनी यंत्रणा बदलते आणि वाचलेल्या विजेच्या पैशातून ठरावीक वर्षे आपली वसुली करते. बचत मोजण्यासाठी आधीच्या वापराची विश्वासार्ह नोंद लागते. अशी नोंद नसल्यास दोन्ही पक्षांत वाद उद्भवतात.

वीजमागणीची वेळ

३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी २५० गिगावॉटवर पोहोचली, तेव्हा उत्तर भारतात उष्णतेची लाट होती. अशा दिवसांत वातानुकूलनाचा प्रश्न वर्षभराच्या युनिटांपुरता राहत नाही, तर ती युनिटे कोणत्या तासाला लागतात याचाही होतो. दुपारी सौर वीज मुबलक असते. सूर्यास्तानंतर ती संपते, पण घरे तापलेलीच असतात आणि मागणी चढी राहते. ती भागवण्यासाठी कोळशाची केंद्रे जोरात चालवावी लागतात. त्यामुळे दुपारी वापरलेल्या युनिटपेक्षा रात्री वापरलेल्या युनिटचा कार्बनभार सहसा जास्त असतो.

वीज साठवण्यापेक्षा थंडावा साठवणे स्वस्त पडते. मोठ्या टाक्यांत दुपारी पाणी थंड करून किंवा बर्फ तयार करून ठेवला, तर संध्याकाळी चिलर बंद ठेवता येते. काँक्रीटची जाड छते आधीच थंड करून ठेवणे हा त्याचाच साधा प्रकार आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपेक्षा अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून दिवसाच्या वेळेनुसार वीजदर लागू करण्याचे ठरले. सौर तासांत दर १० ते २० टक्क्यांनी कमी आणि कमाल मागणीच्या तासांत अधिक ठेवण्याची त्यात तरतूद आहे. अशा दरांमुळे थंडावा साठवण्याच्या टाकीचा खर्च निघू शकतो.

अनेक इमारतींसाठी मिळून एकच शीतकेंद्र चालवून भूमिगत नळ्यांतून थंड पाणी पुरवण्याच्या पद्धतीला जिल्हा शीतलीकरण म्हणतात. गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत भारतातील अशी पहिली यंत्रणा कार्यान्वित झाली. सर्व इमारतींची कमाल मागणी एकाच क्षणी येत नसल्याने एकत्रित केंद्राची क्षमता स्वतंत्र यंत्रणांच्या बेरजेपेक्षा कमी ठेवता येते. मोठी व कार्यक्षम चिलर वापरता येतात, साठवण टाक्या बसवता येतात आणि प्रशीतक एकाच ठिकाणी राहिल्याने गळतीवर देखरेख सोपी होते. मात्र नळ्यांचे जाळे रस्ते बांधण्यापूर्वीच टाकावे लागते आणि पहिल्या काही वर्षांत इमारती उभ्या राहीपर्यंत केंद्र अपुऱ्या भारावर चालते. वसलेल्या शहरांतील दाट वस्तीत रस्ते खोदून हे जाळे टाकणे अवघड असल्याने ही पद्धत सध्या मुख्यतः नव्याने आखल्या जाणाऱ्या व्यापारी वसाहती, विमानतळ परिसर आणि मोठी रुग्णालय संकुले यांच्यासाठी विचारात घेतली जाते.